दोन पानं लिहिली, तरी पाचपैकी दीडच

पत्र:
ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावातून रोज बसनं बेळगावला कॉलेजला येते. एसएसएलसी, म्हणजे दहावी, मराठी माध्यमातून झाली. माणसं समजून घ्यायची आवड म्हणून फर्स्ट पीयूला, म्हणजे अकरावीला, आर्ट्समध्ये सायकॉलॉजी घेतली. पहिल्या टेस्टला ‘पर्सेप्शन’वर दोन पानं लिहिली, पाचपैकी दीड मार्क आला. इंग्रजी वाचलेलं कळतं, पण लिहिताना अडते. प्रॅक्टिकलचं तर डोक्यावरून जातं, सगळ्या मुली सीनियरचं रेकॉर्ड बघून उतरवतात. मामा म्हणतात महाराष्ट्रात चंदगडला ये, बारावी मराठीतून होईल. बाबा म्हणतात हा वेड्यांचा विषय, सोड. मला पुढे मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं आहे. चुलत बहिणीला डिप्रेशन आहे असं हल्ली वाटतं, तिला काय सांगू तेही कळत नाही. विषय ठेवू की सोडू?

उत्तर:
तुझ्या पत्रातलं एक वाक्य आधी घेते, कारण त्याला उशीर झाला तर भरून काढणं अवघड जातं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट. तो डॉक्टर असतो: एमबीबीएस आणि त्यानंतर मानसोपचारात एमडी. त्यासाठी नीट द्यावी लागते, आणि नीटसाठी पीयूला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हवं. आर्ट्समधून ती वाट निघत नाही. तुला गोळ्या-औषधं लिहून द्यायची असतील, तर आजच प्राचार्यांना भेटून सायन्सला बदलून मिळतं का ते विचार. पहिल्या काही आठवड्यांत विचारणं सोपं असतं, सहामाहीनंतर अवघड होतं.

पण माणसाशी बोलून, चाचण्या घेऊन, सल्ला आणि उपचार करायचे असतील, तर ते काम चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचं, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं. ती वाट तुझ्या आर्ट्समधून सरळ जाते: मानसशास्त्रात पदवी, मग एमए किंवा एमएस्सी, मग भारतीय पुनर्वास परिषदेनं, म्हणजे आरसीआयनं, मान्यता दिलेलं प्रशिक्षण आणि त्या परिषदेकडे नोंदणी. हे प्रशिक्षण वर्षानुवर्षं दोन वर्षांच्या एमफिलचं होतं. आता परिषद ती रचना बदलते आहे, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाला आलीस की परिषदेच्या संकेतस्थळावरचा त्या वर्षीचा नियम वाच, सीनियरनं सांगितलेला नको. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि बेंगळुरूची मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था निम्हान्स ही या वाटेवरची आपल्याच राज्यातली ठिकाणं आहेत.

आणि एक दिलासा. पदवीला मानसशास्त्र घेण्यासाठी बहुतेक ठिकाणी पीयूला ते असलंच पाहिजे असं नाही. म्हणजे हा विषय सोडलास म्हणून दार बंद होत नाही, आणि भीतीपोटी चिकटून राहण्याचंही कारण नाही. ठेवायचा तर आवडतो म्हणून ठेव.

आता तो दीड मार्क.

दोन पानं भरून दीडच मार्क का मिळाला, याचा अंदाज बांधता येतो. पर्सेप्शनला तू ‘दृष्टिकोन’ समजून लिहिलं असशील: प्रत्येकाची बघण्याची नजर वेगळी, कुणाला पेला अर्धा भरलेला दिसतो, वगैरे. बोलताना ते चालतं. पेपरात चालत नाही. या विषयाची सगळी गोम इथं आहे. त्याचे शब्द ओळखीचे असतात, स्मृती, भावना, बुद्धी, ताण, व्यक्तिमत्त्व, आणि ओळखीचे असल्यामुळेच आपण फसतो. फिजिक्समधला ‘टॉर्क’ आपल्याला येत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. ‘मेमरी’ येते असं वाटतं, म्हणून आपण लिहीत सुटतो. मानसशास्त्रानं यातला प्रत्येक शब्द घासून अरुंद केला आहे, मोजता येईल इतका. मार्क त्या अरुंद अर्थाला मिळतात.

बेळगाव स्टँडवर उभी आहेस असं धर. बसच्या पाटीवर कन्नडमध्ये ‘खानापूर’ लिहिलं आहे. शेजारी पुण्याहून आलेला पाहुणा आहे, त्याला कन्नड येत नाही. तुझ्या डोळ्यांत आणि त्याच्या डोळ्यांत तीच गोल वळणं शिरतात, तोच प्रकाश पडतो. इथपर्यंत जे झालं ते वेदन, म्हणजे सेन्सेशन. मग तुला गाव दिसतं, त्याला नक्षी दिसते. आलेल्या वेदनाची मांडणी करून, जुन्या अनुभवाशी जोडून त्याला अर्थ दिला गेला, ते संवेदन, म्हणजे पर्सेप्शन. हे चार ओळींत लिहिलंस, त्याला व्याख्येचं एक वाक्य जोडलंस, आकृती आणि पार्श्वभूमी, जवळीक, सारखेपणा यांपैकी संघटनाची, म्हणजे दिसलेलं एकत्र जुळवण्याची, दोन तत्त्वं एकेका उदाहरणानं सांगितलीस आणि पूर्वानुभवाचा परिणाम नोंदवलास, की पाच मार्कांचं उत्तर एका पानात संपतं. दुसऱ्या पानाला मार्क नसतात.

इथंच एक खड्डा आहे. मराठी पुस्तकांत बहुधा वेदन म्हणजे सेन्सेशन आणि संवेदन म्हणजे पर्सेप्शन. हिंदी गाइडमध्ये मात्र ‘संवेदना’ सेन्सेशनला वापरतात आणि पर्सेप्शनला ‘प्रत्यक्षण’. मोबाइलवर मिळतं म्हणून हिंदी नोट्स आणि मराठी पुस्तक एकत्र वाचलंस, तर नेमक्या याच दोन शब्दांची अदलाबदल होईल. अर्थासाठी मराठी, परीक्षेसाठी इंग्रजी, एवढ्या दोनच भाषा ठेव. हिंदी मध्ये आणू नकोस.

भाषेची अडचण खरी आहे आणि ती तुझी एकटीची नाही. पीयूला भाषा विषय म्हणून मराठी घेता येते, पण सायकॉलॉजीचा पेपर कन्नड आणि इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हा विषय एकाच वेळी दोनदा शिकावा लागतो. ते टाळता येत नाही, म्हणून नीट क्रमानं कर. महाराष्ट्राच्या बालभारतीचं अकरावी-बारावीचं मानसशास्त्राचं पुस्तक मराठीत आहे आणि पीडीएफ फुकट उतरवता येते. धडा आधी त्यात वाच. धड्यांचा क्रम तुझ्या पुस्तकाशी जुळणार नाही, त्यामुळे मुद्दा शोधून वाच, पानं उलटत बसू नकोस. मग तोच मुद्दा तुझ्या इंग्रजी पुस्तकात. एनसीईआरटीचं पुस्तकही फुकट मिळतं आणि त्याचं इंग्रजी सरळ आहे.

एक शंभर पानी वही घे आणि प्रत्येक पानाचे तीन भाग पाड. पहिल्यात इंग्रजी संज्ञा, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात तुझ्या गावातलं एक उदाहरण, जास्तीत जास्त दोन ओळी. एका धड्यातून पंचवीस-तीस संज्ञा निघतात, रोज पाच केल्यास तर आठवड्यात धडा होतो. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही. उदाहरण सुचत नाही याचा अर्थ ती संज्ञा अजून कळलेली नाही. बसमध्ये मराठी रकाना हातानं झाकून मनात म्हण, परतताना इंग्रजी झाक.

ही वही कशासाठी ते दोन जोड्यांवरून कळेल. ‘ॲटिट्यूड’ आणि ‘ॲप्टिट्यूड’ इंग्रजीत एका अक्षराच्या अंतरावर आहेत, घाईत हमखास चुकतात. मराठीत अभिवृत्ती आणि अभिक्षमता: एक मनाची भूमिका, दुसरी कुवत. मराठी शब्द मनात असला की इंग्रजी चुकत नाही. दुसरी जोडी याहून वाईट चुकते, ‘निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट’ आणि ‘पनिशमेंट’. ‘निगेटिव्ह’ म्हटलं की मुलं शिक्षा समजतात. प्रबलन, म्हणजे रिइन्फोर्समेंट, मग ते सकारात्मक असो की नकारात्मक, वर्तन वाढवतंच. आई मागं लागते, “पुस्तक काढ, पुस्तक काढ.” तू पुस्तक उघडतेस आणि ती गप्प होते. दुसऱ्या दिवशी तू लवकर उघडतेस. नकोशी गोष्ट गेली आणि वर्तन वाढलं, हे नकारात्मक प्रबलन. मोबाइल बघितला म्हणून बाबांनी तो काढून घेतला आणि बघणं कमी झालं, ही शिक्षा. वर्तन वाढलं की कमी झालं, एवढंच तपासायचं.

इंग्रजी वाक्यं आठ-दहा शब्दांची लिही. ‘सेन्सेशन गिव्ह्ज डेटा. पर्सेप्शन गिव्ह्ज मीनिंग.’ असं लिहिलेलं तपासणाऱ्याला आवडतं, कारण मुद्दा लगेच सापडतो. लांब वाक्यात व्याकरणही अडखळतं आणि मुद्दाही हरवतो.

चंदगडचं म्हणशील, तर ही मामांची नुसती माया नाही, त्यात तथ्य आहे. महाराष्ट्र बोर्डात हा विषय मराठीतून लिहिता येतो आणि तिथं ऐंशी गुणांचा लेखी पेपर व वीस गुण प्रकल्प वगैरेंसाठी असतात. कर्नाटकात सत्तर लेखी आणि तीस प्रॅक्टिकल. फरक नुसता दहा गुणांचा नाही. इथं प्रयोग हातानं करावे लागतात, आणि हा विषय कळतो तो तिथंच. पुढची पदवी धारवाड-बेंगळुरूकडे करायची असेल, तर इंग्रजीशी आता झगडलेलं बरं. कर्नाटकात काही सरकारी प्रवेशांना राज्यात किती वर्षं शिकलात हे मोजतात, हेही लक्षात घे. कोल्हापूर-पुण्याकडे जायचं नक्की असेल आणि मामांकडे राहायची सोय चांगली असेल, तर चंदगडही योग्य आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात काही अभ्यासक्रमांना सवलत असते, तुझं गाव त्या यादीत आहे का ते आधी बघ. नुसता इंग्रजीचा धसका हे एवढंच कारण असेल, तर जाऊ नकोस, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कॉम्बिनेशनची, म्हणजे तू घेतलेल्या विषयांच्या गटाची, चिठ्ठीही एकदा तपास. कॉलेजं विषय आद्याक्षरांत लिहितात, आणि त्यातला ‘पी’ बऱ्याचदा पॉलिटिकल सायन्सचा असतो. तुझ्या प्रवेश अर्जावर सायकॉलॉजी पूर्ण शब्दात लिहिली आहे ना, बघून घे.

प्रॅक्टिकलवर मात्र जरा थांबू या. सीनियरचं रेकॉर्ड उतरवणं हे पाप-पुण्याचं राहू दे, ते मार्कांच्या दृष्टीनंच महाग पडतं. तोंडी परीक्षेत समोरचे विचारतात, “तुझ्या प्रयोज्यानं शेवटी काय सांगितलं?” प्रयोज्य म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला ती व्यक्ती. ज्यानं प्रयोग केलाच नाही त्याला हे सांगता येत नाही. आणि उतरवलेल्या आकड्यांना वास येतो: वीसच्या वीस नोंदी एकमेकींना चिकटून, किंवा सगळ्या शून्यानं संपणाऱ्या. खऱ्या माणसाचे आकडे असे गुळगुळीत येत नाहीत.

रेकॉर्डचा साचा ठरलेला असतो: उद्देश, गृहीतक (निकालाचा आधी बांधलेला अंदाज), परिवर्तक (प्रयोगात बदलणारे घटक), साहित्य, सूचना, कृती, दक्षता, तक्ता, आलेख, चर्चा, प्रयोज्याचं निवेदन, निष्कर्ष. यात दोन ठिकाणी घात होतो. गृहीतक प्रयोगाआधी लिहायचं असतं, मुली निकाल बघून लिहितात. आणि प्रयोज्याचं निवेदन प्रयोग संपल्या संपल्या, त्याच्याच शब्दांत, मराठीत असेल तर मराठीत टिपून घ्यायचं, इंग्रजी घरी करायचं. अर्ध्या तासानं विचारलंस तर तो आठवून सांगत नाही, जुळवून सांगतो.

स्मृतीच्या प्रयोगात तुला निरर्थक शब्द बनवावे लागतील. ही कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस याची, १८८५ ची. ओळखीचा शब्द जुन्या आठवणींना चिकटून पटकन लक्षात राहतो, म्हणून अर्थ नसलेली अक्षरं घ्यायची. आपल्या भागात हे सरळ नाही. ‘नूल’ हा मराठी मुलीला निरर्थक वाटेल, पण कन्नडमध्ये तो सुताचा धागा आहे, आणि गडहिंग्लजकडच्या मुलाला ते गाव आहे. ‘बेर’ कन्नडमध्ये झाडाचं मूळ आणि हिंदीत बोर. यादी केलीस की एका कन्नड मैत्रिणीला आणि एका उर्दू मैत्रिणीला वाचून दाखव, ज्या शब्दाला कुणीही “हो, आमच्याकडे...” म्हणेल तो काढून टाक. बारा शब्द हवे असतील तर वीस बनव. छापील इंग्रजी यादी तशीच उचलण्यापेक्षा हे बरं, आणि चर्चेत हे लिहिलंस तर तपासणाऱ्याला कळतं की तू स्वतः केलं आहेस.

हे आपल्या भागासाठी नवं नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन कसोटी १९०५ ची, फ्रेंच मुलांसाठीची. व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्यानं बेतली आणि तिच्यावरचा लेख १९३४ मध्ये छापून आला. आजही ‘बिने-कामत कसोटी’ हे नाव या क्षेत्रात चालतं. बुद्धिमत्तेच्या धड्यात तुला हे लिहिता येईल. कसोटी दुसऱ्या भाषेत नेताना नुसतं भाषांतर का पुरत नाही, हे सीमाभागातल्या मुलीला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही.

गणिताचा उल्लेख तुझ्या पत्रात नाही, तरी सांगते. मध्य, मध्यांक, बहुलक, प्रमाण विचलन, सहसंबंध हे या विषयात येतं, आणि पदवीला तर भरपूर. गणित सुटेल म्हणून हा विषय घेतलेल्यांची तिथं गाडी अडते.

आता चुलत बहीण. मनोविकृतींचा धडा वाचताना बहुतेकांना ती लक्षणं घरातल्यांत आणि स्वतःत दिसू लागतात. रडवेली दिसणं, झोप न येणं एवढ्यावर निदान होत नाही. किती दिवस, किती प्रमाणात, रोजचं काम किती बिघडलं हे प्रशिक्षित माणूस तपासतो. तिला ‘तुला डिप्रेशन आहे’ असं म्हणू नकोस. तिच्याजवळ बस, ऐक. खाणं-झोप दोन आठवडे बिघडलेली असेल, शाळा-काम सुटलं असेल, तर तिच्या आईला सांगून डॉक्टरकडे न्या. जगणं नको असं ती बोलली, तर एक दिवसही थांबू नका, तिला एकटं सोडू नका. मानसिक त्रासात मदत करणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, डिमहान्स.

तिला कधीही प्रॅक्टिकलसाठी किंवा केस प्रोफाइलसाठी, म्हणजे एका माणसाची माहिती लिहून काढायच्या कामासाठी, वापरू नकोस. आपल्या गावांत नावाचं आद्याक्षर लिहिलं तरी माणूस ओळखू येतो. दुसऱ्या कुणावर लिहितानाही वाडा, शेत, भावंडांची संख्या हेही बदलायचं किंवा गाळायचं, आणि आधी परवानगी घ्यायची.

बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना प्रयोज्य कर. म्युलर-लायर भ्रमाचा, म्हणजे टोकांच्या काड्यांमुळे सारख्या रेघा लहान-मोठ्या भासतात त्याचा, प्रयोग घरच्या पुठ्ठ्यावर होतो. १८८९ पासून तो जगभर करतात आणि कदाचित तुझ्याही यादीत असेल.

जाड पुठ्ठा घे, २० सेंटीमीटर लांब. त्यावर बरोबर १० सेंटीमीटरची आडवी रेघ काढ. तिच्या दोन्ही टोकांना अडीच सेंटीमीटरच्या तिरक्या काड्या, पंचेचाळीस अंशांत, रेघेकडे वळलेल्या, म्हणजे बाणाच्या टोकासारख्या. उजवं टोक बरोबर पुठ्ठ्याच्या कडेला येऊ दे. पुठ्ठ्यामागं एक पट्टी सरकेल अशी बसव. पट्टीवर तीच रेघ पुढे चालू, आणि तिच्या बाहेरच्या टोकाला काड्या उलट, बाहेर फाकलेल्या. पट्टीच्या पाठीमागं मिलिमीटरच्या खुणा कर, म्हणजे पुढं किती लांबी दिसते ते तुला मागून वाचता येईल. रेघा एकाच पेननं, एकाच जाडीच्या.

बाबांना सांगायचं, “पट्टी सरकवून दोन्ही रेघा सारख्या करा.” एवढंच. वीस वेळा. दहा वेळा पट्टी स्पष्ट आखूड ठेवून सुरू कर, दहा वेळा स्पष्ट लांब ठेवून. या दोन्ही दहांतल्या पाच वेळा पुठ्ठा फिरवून पट्टी डावीकडे आण. एकाच दिशेनं केलंस तर हाताच्या सवयीची चूक भ्रमाच्या आकड्यात मिसळते. दर वेळी सुरुवात थोडी वेगळ्या जागेवरून, नाहीतर ते डोळ्यानं न बघता हातानंच अंतर लक्षात ठेवतील. बोटानं मापू द्यायचं नाही. “बरोबर”, “अजून थोडं” असं काही म्हणायचं नाही, चेहऱ्यावरही आणायचं नाही. घरचा माणूस तुझा चेहरा वाचतो, आणि घरी केलेले प्रयोग तिथंच बिघडतात.

वीस नोंदींची सरासरी काढ आणि तीतून १० वजा कर. सरासरी ८.६ आली असं समज, तर चूक उणे १.४ सेंटीमीटर: फाकलेल्या काड्यांची रेघ त्यांना लांब भासली, म्हणून त्यांनी ती आखूडच ठेवली. आकडा याहून लहान आला किंवा उलटा आला, तरी तसाच लिही आणि का आला असेल ते चर्चेत मांड.

मग मोजपट्टी बाबांच्या हातात दे आणि दोन्ही रेघा १० सेंटीमीटरवर आणून त्यांनाच मोजू दे. मोजून झाल्यावर पट्टी बाजूला ठेवून पुन्हा बघायला सांग आणि विचार, “आता सारख्या दिसतात का?” ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घे.